वांगी रंगाचा फ्रॉक

दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेला वळसा घालून पुढे गेलं की एक खोली लागते. तिच्या दारावर पाटी नाही. पाटी लावली की आत कोण बसलंय ते रांगेतल्या लोकांना कळेल, म्हणून मीच ती लावू दिली नव्हती. आत एक टेबल, चार खुर्च्या, एक पडदा आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटाची किल्ली मी अठरा वर्षं सांभाळली. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव चांगलं दीड ओळ लांब होतं, पण माझी मुलगी शाळेत असताना कुणी विचारलं की सांगायची, "माझी आई हॉस्पिटलमध्ये कपडे वाटते." मी तिला तेवढंच सांगितलं होतं. ते अगदीच खोटंही नव्हतं.

कपडे कशाला, ते आधी सांगते, कारण हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. बलात्काराची तक्रार झाली की त्या मुलीला तपासणीसाठी रुग्णालयात आणतात. घटनेच्या वेळचे तिच्या अंगावरचे कपडे हा पुरावा असतो. ते काढून घेतात, ओलसर असतील तर सावलीत वाळवतात आणि कागदी पाकिटात घालतात, कारण प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर लाखेचं सील लागतं आणि ते पोलिसांच्या ताब्यात जातं. आतले कपडेही जातात. मग ती मुलगी घरी जाणार कशात? पूर्वी रुग्णालयाच्या हिरव्या झग्यात जायची, आणि ऑटोवाल्यापासून गल्लीतल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे वळून बघायचे. ती आली तशीच, चारचौघींसारखी परत जावी, एवढ्यासाठी आमच्या छोट्याशा संस्थेने ते कपाट ठेवलं होतं.

बाकी माझं काम म्हणजे शेजारी बसणं. मी डॉक्टर नाही, वकील नाही, पोलीस तर नाहीच. पुढे काय होणार ते आधी सांगायचं. आता डॉक्टरीणबाई येतील, त्या तुला विचारतील, तू नको म्हणालीस तर हात लावणार नाहीत. मग मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होईल, तिथे घाई नाही, पाणी मागितलंस तरी चालेल. एवढंच. आणि माझा एक नियम होता, की काय झालं हे विचारायचं नाही. पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतात, शेजारीण तर खोदून खोदून विचारते. न विचारणारं एक तरी माणूस असावं, म्हणून मी. या नियमाचा मला फार अभिमान होता. कुठली तू, कुणाची, घर कुठे, काही म्हणून मी विचारत नसे. या अभिमानानेच पुढे घात केला.

कामाची दुसरी बाजू भाषणांची. त्याला जनजागृती म्हणतात. शाळा, कॉलन्या, कचेऱ्या, जिथे बोलावतील तिथे जायचं. गुरुग्रामच्या एका कंपनीत मला जेवणानंतरची वेळ दिली होती आणि एचआरमधला एक गोड पुणेरी मुलगा दारातच म्हणाला, "मॅडम, जरा लाइट ठेवाल का? लोक लंचनंतर हेवी घेत नाहीत यार." मी म्हटलं, "बिल्कुल." आणि अजिबात लाइट ठेवलं नाही. कॉलन्यांमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथल्या रहिवासी संघाचे अध्यक्ष हार घालतात, माइक हातात घेतात आणि सुरुवातीलाच जाहीर करतात, "वैसे हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता." टाळ्या पडतात. मग मी बोलते. मग समोसे येतात. आणि समोशांच्या वेळी हमखास कुणीतरी बाई मला खांबाआड गाठते आणि म्हणते, "एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं." अठरा वर्षांत या मैत्रिणी मला इतक्या भेटल्या, की 'हमारे यहाँ' म्हणजे नक्की कुठे, असा प्रश्न मला पडायचा. त्या अध्यक्षांची मी घरी येऊन नक्कल करायचे. चांगली जमायची.

आता कपाटाकडे येते. सुरुवातीला त्यातले कपडे कंपन्यांकडून यायचे, म्हणजे कुठल्यातरी मॅरेथॉनचे उरलेले टी-शर्ट. नवे, स्वच्छ, फुकट. पाठीवर कंपनीचं नाव आणि पोटावर उत्साहाचं एखादं इंग्रजी वाक्य. एकदा एक मुलगी आली, पुण्याची, चोवीस-पंचवीसची, नोएडात आयटीत नोकरीला. पोलिसांशी, डॉक्टरांशी ती शांतपणे, मुद्देसूद इंग्रजीत बोलली. मी इतका वेळ हिंदीच बोलत होते. पडद्याआडून तिने विचारलं, "हे इथे ठेवू का?" असं काहीतरी चुकून मराठीत, आणि मी मराठीत उत्तर दिलं. ती थांबली. मग एवढंच म्हणाली, "काकू, मला घरी जायचंय." आणि त्यानंतर जी रडायला लागली ती अर्धा तास. इंग्रजीत तिला रडता येत नव्हतं.

जाताना मी दिलेला टी-शर्ट तिने अंगात घातला, आरशात पाहिलं, पुन्हा काढला, उलटा केला आणि शिवणी बाहेर ठेवून घातला. पाठीवरचं नाव तिला नको होतं. मी ते पाहिलं. त्यातून मी काय शिकले? तर हे टी-शर्ट वाईट आहेत, या मुलींना छान, घरच्यासारखे कपडे मिळायला हवेत. चुकीचा धडा किती चटकन शिकता येतो बघा. ती मुलगी मला स्पष्ट दाखवून गेली होती, की ज्या कपड्याला ओळख आहे तो आम्हाला नको. मला मात्र वाटलं, तिला कापड आवडलं नाही.

लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. माझे यजमान नोकरीत होते तेव्हा आम्हीही काही वर्षं तशाच क्वार्टरमध्ये काढली, मग नोएडाला घर घेतलं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू अजून लक्ष्मीबाई नगरातच होई. दिल्लीची थंडी, काळ्या साड्यांवर स्वेटर, तिळगूळ, आणि वाण म्हणून सालाबादप्रमाणे प्लॅस्टिकचा डबा. एका वर्षी मी म्हटलं, यंदा वाण उलटं लुटू या. बायकांनी न्यायचं नाही, आणायचं. प्रत्येकीने लहान मुलीचा एक चांगला, न फाटलेला ड्रेस आणायचा.

आणि मग मी बोलले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण असेल. कपडे का लागतात, पाकीट, सील, हिरवा झगा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या मुलीचा हा फ्रॉक उद्या एखाद्या अशा लेकराच्या अंगावर असेल, ज्याच्या अंगावर त्या दिवशी काहीच उरलेलं नाही." बायका रडल्या. मीही थोडी रडले. चाळीस-बेचाळीस ड्रेस जमले.

त्यात एक खणाचा फ्रॉक होता. वांगी रंगाचा खण, पिवळे काठ, पाठीमागे बांधायला दोन बंद आणि बंदांच्या टोकांना कापडाचे गोंडे. तो आणला होता वैशालीने. वैशाली तिशीतली, नवरा मंत्रालयात, स्वतः शाळेत शिक्षिका, मनाने लोणी. तिच्या आईने पुण्याहून नातीसाठी तो शिवून पाठवला होता आणि नातीला आता तो आखूड होत होता. "ताई, हा द्यायला जीव होत नाही," ती म्हणाली, "पण म्हणूनच देते." मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

महिन्याभरात, फेब्रुवारीत, एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला मी इथे मुन्नी म्हणते. त्या भागात दर तिसऱ्या घरात एक मुन्नी असते. करणारा ओळखीतलाच होता, बहुतेक वेळा असतोच. मुन्नी रडत नव्हती. तपासणी झाली, कपडे पाकिटात गेले आणि ती टेबलावर चादरीत कुडकुडत बसली. मी कपाट उघडलं. तिच्या मापाचे तीन ड्रेस होते. त्यातला सुंदर कोणता, हे मी पाहिलं. दुसरं काही पाहिलं नाही. गोंडे बघून तिने पहिल्यांदा हात पुढे केला आणि मला वाटलं, जिंकलं.

तिची आई फ्रॉककडे बघत राहिली होती. मला वाटलं, बिचारी भारावली आहे.

खोलीतल्या माझ्या टेबलावर तिचा कागद होता. त्यावर पत्ता होता. वाचायचा नाही, हा माझा नियम.

मुन्नीची आई प्रेसवाली होती. दिल्लीत इस्त्रीला प्रेस म्हणतात. प्रत्येक कॉलनीत एखाद्या झाडाखाली लाकडी टेबल असतं, कोळशाची जड इस्त्री असते आणि एक कुटुंब पिढ्यान् पिढ्या त्या कॉलनीचे कपडे प्रेस करत असतं. त्या बाईचं टेबल कुठे होतं, हे मला नंतर कळलं. लक्ष्मीबाई नगरात, वैशालीच्या ब्लॉकच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली.

शेजारपाजारी त्यांनी सांगितलं, मुलीला कावीळ झाली होती. सगळ्यांना ते पटलं. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब झाला, मुन्नी शाळेत जाऊ लागली, रात्री पुन्हा एकटी झोपू लागली. मी दर आठवड्याला फोन करायचे. गाडी रुळावर येत होती. आमच्या कामात गाडी रुळावर येणं म्हणजे काय, तर कुणालाही काहीही माहीत नसणं. बाकी सगळं त्यानंतर.

चैत्राच्या नवरात्रात अष्टमीला दिल्लीत घरोघर कंजक बसवतात. लहान मुलींना बोलावून त्यांचे पाय धुतात, हातात धागा बांधतात, पुरी, हलवा आणि काळे चणे वाढतात. त्या दिवशी सकाळी मुलींच्या टोळ्या या घरातून त्या घरात फिरत असतात, आणि त्यांत गरीब-श्रीमंत असं कुणी बघत नाही. वैशालीनेही शेजारणींचं बघून कंजक बसवायला सुरुवात केली होती. मुन्नीला नऊ घरांचं बोलावणं होतं. आई टेबलापाशी कामात होती. मुन्नीने पेटीच्या तळाशी ठेवलेला तिचा सर्वांत चांगला फ्रॉक स्वतःच काढला आणि घातला. आठ वर्षांची मुलगी सणाला सर्वांत चांगला फ्रॉक घालणार नाही तर काय करेल?

मी मेट्रोत होते. हळदीकुंकवाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आला. पाटावर ओळीने बसलेल्या मुली आणि मधोमध वांगी रंगाचा खण. खाली वैशालीने लिहिलं होतं, "ताई, आज पाय धुताना डोळे भरून आले. आपलं वाण योग्य जागी पोचलं." आणि हात जोडल्याची चित्रं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "वैशाली, आधी तो फोटो काढ. आत्ता."

"का ताई? काय झालं?"

"आधी काढ, मग सांगते."

"काढते, काढते. पण ताई, मी तिचं नाव नाही लिहिलं हं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आमच्या प्रेसवालीची मुलगी. मला तर कल्पनाच नव्हती. किती हसरी आहे हो!"

फोटो पाच मिनिटांत निघाला. पण पाच मिनिटं पुष्कळ झाली. अशा मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे मी कितीतरी ठाणेदारांना दरडावून शिकवलं होतं. एका पत्रकाराला तर खोलीतून हाकललं होतं, त्याने फक्त गल्लीचं नाव लिहिलं म्हणून. आणि इथे चाळीस सुशिक्षित बायकांना त्या फ्रॉकचा अर्थ वाचायला कुणी शिकवलं? मीच. माझं ते भाषण झालं नसतं, तर तो नुसता जुना फ्रॉक होता. दिल्लीत धुणीभांडीवाल्यांच्या मुली बाईसाहेबांच्या मुलींचे जुने फ्रॉक घालतातच. त्यावर खूण करून ठेवली होती मी.

आणि देणारे एकीकडे राहतात, ज्यांना लागतात त्या मुली दुसरीकडे कुठेतरी, हे मला कुणी सांगितलं होतं? रुग्णालय हाकेच्या अंतरावर. जिथून मुली येतात तिथूनच मी कपडे गोळा केले. ज्या अध्यक्षांची नक्कल करून मी लोकांना हसवत होते, त्यांचंच वाक्य माझ्या पोटात बसलं होतं. हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता.

वाईट वागलं कुणीच नाही, हे सांगितलं पाहिजे. सगळ्यांनी दयाच केली. एक बाई टेबलापाशी येऊन फळं ठेवून गेली. एकीने "बिटिया अब कैसी है?" असं रस्त्यात थांबवून विचारलं, आणि कावीळ तर कधीच बरी झाली असं आधी ऐकलेल्या भाजीवालीने कान टवकारले. एकीने प्रेसला कपडे द्यायचे थांबवले, तिच्यावर आधीच किती ओझं म्हणून. एकीने आपल्या मुलीला मुन्नीबरोबर खेळायला पाठवणं बंद केलं. कारण विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. आठवड्याभरात शाळेत कुणीतरी मुन्नीला विचारलं, "तेरे साथ वो हुआ था ना?"

मी गेले. कडुनिंबाखाली बाई प्रेस करत होती. तिने मला स्टूल दिलं, काम थांबवलं नाही. मी माफी मागितली. इतक्या वर्षांत पीडितेच्या घरच्यांची माफी मागायची माझी पहिलीच वेळ. तिने एका शर्टाची बाही सारखी केली.

"दीदी, मैं तो वहीं पहचान गई थी," ती म्हणाली. "वो फ्रॉक कितनी बार मेरे हाथ से प्रेस हुई है। उसके फुँदनों पर इस्त्री नहीं चलती, उँगली से सीधे करने पड़ते हैं।" फुँदने म्हणजे ते गोंडे.

"तो बोली क्यों नहीं?"

"क्या बोलती?" तिने इस्त्री उभी केली. "बच्ची को ठंड लग रही थी।"

मी न विचारण्याचं व्रत घेतलेली बाई, आणि ती मिळेल ते न बोलता घ्यायला शिकलेली. आमच्या दोघींच्या गप्प बसण्यात त्या मुलीचं नुकसान झालं. पण तिचं गप्प बसणं नाइलाजाचं होतं आणि माझं हौसेचं, हा फरक मला तेव्हाही कळत होता.

महिन्याच्या आत झाडाखालचं टेबल गेलं. ते लोक गावी परतले. तिचे सासू-सासरे त्या झाडाखाली प्रेस करत आले होते. मी सगळं संस्थेच्या प्रमुख बाईंना लेखी कळवलं. त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. वैशाली एकदा नोएडाला आली, सोफ्यावर बसून रडली आणि म्हणाली, "ताई, मी काय चुकले ते तरी सांगा." मी म्हटलं, "तू नाही चुकलीस. मी शिकवलं तेच तू केलंस." तिला ते दिलासा म्हणून पुरलं नाही. पुढे तिच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली.

आता एकच गोष्ट उरली होती. मुन्नीची साक्ष. ती आली नाही, तर तो माणूस सुटणार होता, आणि गल्लीभर सांगत फिरणार होता की सगळं खोटं होतं म्हणून पळाले. वडील म्हणत होते, आता दिल्लीचं तोंड बघायचं नाही. मी फोन करायचे, आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "देखते हैं।" वकिलांना मी सांगायचे, येतील. कशाच्या जोरावर सांगत होते, मला माहीत नाही. दीड वर्षाने तारीख लागली. आदल्या दिवशी तिचा फोन आला, "दीदी, गाड़ी में बैठ गए हैं।" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले.

कोर्टात लहान साक्षीदारांसाठी वेगळी खोली असते. आरोपी पडद्यापलीकडे, मुलाला दिसत नाही. थोडी खेळणी असतात. न्यायाधीश बाई मुन्नीशी आधी शाळेबद्दल बोलल्या. मग मुन्नीने सगळं सांगितलं, न थांबता. मी शेजारी बसून पहिल्यांदाच ते ऐकलं, जे मी कधी विचारलं नव्हतं. त्यातलं एक अक्षर इथे लिहिणार नाही.

मग पाकीट फोडलं. लाख टेबलावर सांडली. आतून तिचा त्या दिवशीचा फ्रॉक निघाला, आठवडी बाजारातला, निळ्या फुलांचा. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "बेटा, इसे पहचानती हो?"

मुन्नीने तो दोन बोटांनी उचलला. "हाँ। ये मेरी है।" मग स्वतःच्या अंगाला लावून बघितला आणि म्हणाली, "अब मुझे नहीं आएगी।"

टाइपिस्टने पहिलं वाक्य टाइप केलं. दुसऱ्याची कोर्टाला गरज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मुन्नीच्या आईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी काढून माझ्या हातात दिली. मी कागद जरा उचलून पाहिला. वांगी रंगाचा खण, धुतलेला, कडक प्रेस केलेला, गोंडे बोटांनी सरळ केलेले. "आपकी अमानत," ती म्हणाली. "दीदी, इसे किसी और को मत देना।"

तो फ्रॉक माझ्या घरच्या कपाटात पडून राहिला. रुग्णालयातलं कपाट मी कधीच बदललं होतं. हळदीकुंकवाचे उरलेले ड्रेस काढून टाकले आणि शेजारच्या सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन दुकानदाराला सांगितलं, जो ड्रेस सर्वांत जास्त खपतो तो दाखवा. तो म्हणाला, "मैडम, वो तो हर दूसरी लड़की पहने घूम रही है।" मी म्हटलं, "तोच द्या. सगळ्या मापांत." तेव्हापासून आमचा तोच शिरस्ता आहे. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी निघताना दोनच गोष्टी सांगितल्या. कपडा असा घ्यायचा, की गर्दीत दिसणार नाही. आणि पत्ता वाचायचा.

काही महिन्यांनी निकाल लागला. त्या माणसाला शिक्षा झाली. ऑफिसात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, पेढे आणले. मी गावी फोन लावला. मुन्नीची आई म्हणाली, "अच्छा।" मग म्हणाली, "पाँचवीं में है अब। पहला नंबर आई है।" मला बोलायचं होतं, पण तीच पुढे म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना। अब फ़ोन मत करना। दिल्ली से फ़ोन आता है तो यहाँ सब पूछते हैं, किसका है।"

मी वाईट वाटून घेतलं नाही, असं तिला सांगितलं. ते खोटं होतं. नंबर मी पुसून टाकला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी पानिपतला गेले. मराठी माणूस पानिपतला जातो तो रणभूमी बघायला, डोळे पुसायला. मी चिंध्या करायला गेले. तिथे जुन्या कपड्यांचे डोंगर येतात. ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. एका गोदामाच्या मालकाला मी घडी दाखवली. तो हसायला लागला. "बहनजी, हम तो टनों में लेते हैं। आप एक फ्रॉक लेकर दिल्ली से आई हैं?" मी म्हटलं, हो, आणि माझ्या डोळ्यांदेखत फाडा. माझा चेहरा बघून त्याने पुढे काही विचारलं नाही.

जमिनीवर बायका ओळीने बसल्या होत्या. उभ्या पात्यावर कपडा ओढून त्या बटणं, चेन, हुक काढून टाकत होत्या. त्यांतल्या एकीने फ्रॉक हातात घेतला, उलटापालटा केला, गोंडे कुरवाळले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "इतनी अच्छी है। किसी बच्ची को दे देतीं।"

मी मान खाली घातली. तिने फ्रॉक पात्यावर ओढला. गोंडे आधी गेले.

हा लेख देताना संपादकांनी विचारलं, यातलं खरं किती? सगळं खरं आहे आणि बरंच बदललेलं आहे. मुलीचं वय बदललं आहे, आईचा धंदा बदलला आहे, झाडही दुसरं होतं. तो फ्रॉक खणाचा नव्हता आणि वांगी रंगाचाही नव्हता. कशाचा होता, ते मला विचारू नका. कुठेतरी एक मुलगी मोठी होते आहे, आणि तिला चारचौघींसारखं राहायचं आहे.